गोळ्यांची थकबाकी

प्रिय ठकी,

आई झालेल्या मुलीला या नावाने हाक मारू नये असे तुझ्या मावशीचे मत आहे. तिचे मत मी ऐकून घेतले आहे.

तुझा प्रश्न तिच्यामार्फतच माझ्यापर्यंत पोहोचला. माझी रजा संपत आली, छोटीला सांभाळायला बाबा कधीपासून येतात ते विचार, असे तू तिला सांगितलेस. प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येईल. पण त्या ओळीच्या आधी काही गोष्टी तुला माहीत असायला हव्यात. त्या क्रमाने मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे. ते थोडे लांबेल. छोटी झोपली असेल तेव्हा वाच, आणि मधूनच शेवटच्या परिच्छेदावर उडी मारू नकोस. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकांचे तेच करायचीस, आणि उरलेले पुस्तक तुला वाचून दाखवण्याचे काम माझ्या गळ्यात पडायचे.

त्या संध्याकाळी तू फोन केलास तेव्हा माझी जीभ जड झालेली होती. ‘छोटी’ हा शब्द प्रयत्न करूनही मला धड उच्चारता येईना, आणि त्या फजितीचे मला हसू आले. ते आवरायला हवे होते. तू शेजारच्या खोलीत जावईबापूंना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणालीस, “बाबा, तुम्ही घेतलीय का?” तू कशाबद्दल विचारते आहेस हे ध्यानात यायला मला वेळ लागला. तोवर तू पुढे म्हणालीस, “मामाचा आवाज अस्साच यायचा. मला ओळखू येतो हा आवाज.” मी नाही म्हणालो, पण तोंडातून शब्द बाहेर पडला तो एखाद्याने वाटेत धक्का मारल्यासारखा. “उद्या बोलू,” तू म्हणालीस, “शुद्धीवर आलात की.” तो उद्या नंतर बरेच दिवस उजाडला नाही. यात मी तुला दोष देत नाही. आजोळच्या दारात मामाला उंबरठा सापडत नसे आणि तू कपाटाच्या मागे जाऊन बसायचीस, हे मी पाहिलेले आहे. उपलब्ध पुराव्यावरून मीही हाच निष्कर्ष काढला असता.

त्यानंतर आला तो मावशीचा फोन. तिने आधी माझी तब्येत विचारली, मग हवामान, आणि मग घसा खाकरून मूळ विषयाला हात घातला. “भाऊजी, पोरगी म्हणतेय झालं गेलं विसरू. एकट्या माणसाचं होतं असं. रडली हो खूप. पण माहेरचं तुमच्याशिवाय तिला तरी कोण आहे? फक्त छोटीसमोर नको, आणि घरात बाटली नको. एवढं कबूल करा नि मोकळे व्हा.” मी म्हणालो, कबूल. मावशी म्हणाली, “इतक्यात? मी तर वाद घालायच्या तयारीनं बसले होते. चहा पण करून ठेवला होता.” अट पाळणे मला मुळीच जड नव्हते, कारण दारू मी आजवर चाखलेली नाही. हे तिला त्याच वेळी सांगता आले असते. मी सांगितले नाही. का, ते पुढे येईल.

वस्तुस्थिती अशी की त्या संध्याकाळी माझ्या रक्तात फेनिटॉइन नावाचे औषध प्रमाणाबाहेर साठलेले होते. फिट येऊ नये म्हणून हे औषध देतात. ते मी कित्येक वर्षे घेतो आहे, आणि हे तुला आज प्रथमच कळते आहे.

पहिली फिट आली तेव्हा तू वसतिगृहात होतीस आणि तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. मी कंपनीच्या गोदामात मालाची तपासणी करत होतो. एक खोके उघडून आतला माल बिलाशी ताडून पाहत होतो, एवढे आठवते. त्यानंतरचे आठवते ते मुकादमाचे तोंड, माझ्या तोंडाच्या अगदी जवळ, आणि त्याचे वाक्य, “साहेब, तुम्ही आम्हाला माराल एक दिवस घाबरवून.” डॉक्टरांनी मेंदूचे चित्र काढले, काही सापडले नाही, आणि सापडले नाही तरी गोळ्या घ्याव्या लागतील असे सांगितले. तुला कळवायचे नाही हे तुझ्या आईने ठरवले. आधी म्हणाली, परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, नोकरी लागू दे. मग तुझे लग्न ठरत होते तेव्हा म्हणाली, आत्ता तर मुळीच नको, लोक घराण्यात काय काय शोधत बसतील. मुदत ती वाढवत गेली, आणि मग तिची स्वतःचीच संपली. त्या न सांगितलेल्या गोष्टीला माझ्याखेरीज मालक उरला नाही.

ती होती तोवर गोळ्यांचा विषय माझ्याकडे नव्हताच. तीन वेळा एकेक गोळी, आणि प्रत्येक वेळी ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी. मी गिळली असे सांगून भागत नसे, दिसावे लागे. “तुम्ही जगाच्या मालावर विश्वास ठेवत नाही, मी तुमच्यावर का ठेवू?” असे म्हणायची. ती गेल्यानंतरच्या वर्षी मला आणखी एक फिट आली, स्वयंपाकघरात, एकटा असताना. डोळे उघडले तेव्हा दूध उतू जाऊन भांडे जळून काळे झाले होते आणि माझे मनगट शेगडीच्या कडेला लागून भाजले होते. तू तो डाग पाहून विचारलेस तेव्हा मी इस्त्रीचे नाव सांगितले. ती फिट शेवटची. डॉक्टरांनी तेव्हा गोळ्यांच्या वेळा पक्क्या पाळायला सांगितल्या, आणि मी त्या पाळल्या.

पाळण्याची माझी एक पद्धत होती. गोळ्यांची पाकिटे कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, आणि खरेदीचे बिल त्याच डब्यात घडी करून. महिना संपला की उरलेल्या गोळ्या मोजायच्या. आधीची शिल्लक, त्यात खरेदी मिळवायची, खाल्लेल्या वजा करायच्या. उत्तर डब्यातल्या गोळ्यांशी जुळले पाहिजे. ते नेहमी जुळत असे. तुझ्या आईच्या पेल्याची जागा या पद्धतीने घेतली होती असे म्हणायला हरकत नाही.

गेल्या खेपेला ते जुळले नाही. डब्यात एक अख्खे पाकीट जास्त निघाले. मी पुन्हा मोजले. मग डबा रिकामा करून पलंगावर मांडून मोजले. बिल पाहिले, तर त्यावर नेहमीइतकीच खरेदी. म्हणजे जास्त माल आलेला नाही. माल जास्त आला नसेल आणि शिल्लक जास्त असेल, तर खप कमी झाला, यापलीकडे तिसरी शक्यता नाही. सबब मी एवढ्या गोळ्या घ्यायला विसरलो. आठवणीला विचारले, तर ती म्हणाली, एकही चुकलेली नाही. पण आठवण ही हितसंबंधी साक्षीदार असते, तिच्या शब्दावर मी कधी कुणाचा मेळ मान्य केलेला नाही. शिवाय त्याच सुमारास मी एकदा नळ चालू ठेवून बाहेर गेलो होतो आणि दोनदा कुलूप पाहायला परत आलो होतो. विसराळूपणाचा संशय पक्का व्हायला एवढे पुरेसे होते.

दुसऱ्या कुणी उरलेल्या गोळ्या पाहून समाधानाने डबा बंद केला असता. मला मात्र त्या दिवशी भीती वाटली, आणि तिचे कारण छोटी होती. थोड्याच दिवसांत मी तिला अंगाखांद्यावर घेणार होतो, आणि माझ्या अंगात औषध कमी पडलेले होते. ही थकबाकी तुझ्याकडे निघण्याआधी फेडली पाहिजे असे मी ठरवले. जास्तीचे पाकीट संपेपर्यंत दर वेळी एकाच्या जागी दोन गोळ्या घ्यायच्या, म्हणजे शिल्लकही जुळेल आणि औषधही भरून निघेल. डॉक्टरांना विचारावे असे मनातही आले नाही. हा मला वैद्यकीय प्रश्न वाटलाच नव्हता.

पहिला परिणाम वर्तमानपत्रावर दिसला. ओळी जागच्या जागी थरथरू लागल्या. मी चष्मा घेऊन चष्मेवाल्याकडे गेलो आणि काच सैल बसवल्याची तक्रार केली. त्याने काच पाहिली, नंबर पाहिला, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिले. “काका, काच तीच, नंबर तोच. हलताय ते तुम्ही.” मी त्याच्याशी वाद घातला आणि बाहेर पडताना त्याच्या दाराच्या चौकटीला खांदा मारला. मग जमीन एका बाजूला उतरती वाटू लागली. चालताना पाय लांब लांब टाकावे लागत. निवृत्तीनंतरही मी अधूनमधून जुन्या कचेरीत जातो, तिथला जिना चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरले, तर दारावरचा पहारेकरी आपुलकीने म्हणाला, “सांभाळून, साहेब. आज तर सुट्टीचा आदला दिवस पण नाही.” त्याचा रोख माझ्या लक्षात आला नाही. बोलताना शब्द एकमेकांना चिकटत होते. माझी बुद्धी मात्र लख्ख चालते आहे असे मला वाटत होते. गोळ्या मी वेळेवर, दोन-दोन, घेत होतो. तुझा फोन आला तो या टप्प्यावर.

दुसऱ्या दिवशी मला सोडवले ते ‘अंदाजे’ने. तू त्याला ओळखतेस. माझ्या शेजारच्या टेबलावर उभी हयात काढलेला गृहस्थ, ज्याने कोणताही आकडा ‘अंदाजे’ हा शब्द लावल्याशिवाय कधी उच्चारला नाही, आणि ज्याच्याशी मी तेवढीच वर्षे भांडत आलो. मी सांगितल्या वेळी कचेरीत पोहोचलो नाही म्हणून तो घरी आला. मी आपल्या इमारतीच्या जिन्यात बसलेला होतो, कारण समोरच्या दोन पायऱ्यांपैकी खरी कोणती हे ठरवता येत नव्हते. त्याने आधी वाकून माझे तोंड हुंगले. “वास तर नाही. मग काय लावलंयस हे?” मी म्हणालो, थकबाकी फेडतो आहे. “कुणाची?” गोळ्यांची, मी म्हणालो. त्यावर त्याने वर जाऊन डबाच उचलून आणला आणि मला गाडीत घातले.

रुग्णालयात तातडीच्या विभागातली डॉक्टर तुझ्याच वयाची होती. तिने माझ्या डोळ्यांपुढून बोट फिरवले आणि बोट थांबल्यावरही माझे डोळे झटके देत राहिले. तेच बोट धरायला सांगितले, तर मी हवा धरली. सरळ रेषेत चालायला सांगितले, त्याचे वर्णन करत नाही. साखर तपासली, रक्त घेतले, मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहायला पुन्हा चित्र काढले. डबा पाहून तिने विचारले, किती गोळ्या घेतल्या आणि किती दिवस. मी नेमका आकडा सांगितला, पण तो तिला कळेना. तेव्हा अंदाजे मध्ये पडला, “अंदाजे दुप्पट, आणि अंदाजे चार-पाच दिवस.” मी मान डोलावली. हे त्याने नंतर कचेरीभर सांगितले, की याने माझा आकडा मंजूर केला, आणि त्यासाठी याला विषबाधा व्हावी लागली.

मग तिने अंदाजेला बाहेर थांबायला सांगितले आणि पडदा ओढला. माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, “काका, खरं सांगा हं, मी रागावणार नाही. गोळ्या मुद्दाम घेतल्यात का?” मी म्हणालो, हो. तिचे पेन थांबले. “का घेतल्यात?” मी म्हणालो, मेळ बसत नव्हता. तिने माझा हात हातात घेतला. “कशाचा मेळ, काका? घरी काही झालंय?” गोळ्यांचा, असे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगितले, पण तोवर तिची खात्री झालेली होती. दुसऱ्या दिवशी मानसोपचाराचे डॉक्टर येऊन खुर्ची ओढून बसले. झोप कशी, भूक कशी, पत्नीला जाऊन किती काळ झाला, घरी बोलायला कोण. मी सगळ्याची उत्तरे दिली. अखेरीस त्यांनी सरळच विचारले, “तुम्हाला जगावंसं वाटतं ना?” मी सांगितले की मला येत्या महिन्यात नातीला सांभाळायला जायचे आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काहीतरी लिहिले आणि पुन्हा आले नाहीत.

या औषधावर उतारा नाही. आत गेलेले पोटातच धरून ठेवावे म्हणून एक काळा, घट्ट, चव नसलेला द्राव प्यायला दिला. सलाईन लावले, छातीवर तारा चिकटवल्या, आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर केले. उठायचे नाही, पडायचे नाही, हाच अर्धा उपचार आहे असे परिचारिकेने बजावले. बाकीचा अर्धा म्हणजे गोळ्या बंद ठेवून वाट पाहणे. रोज रक्त काढून औषधाची पातळी मोजत. दुसऱ्या दिवशी ती आदल्या दिवसापेक्षा थोडी वरच निघाली. मी आक्षेप घेतला. आवक बंद आहे, जावक चालू आहे, मग शिल्लक वाढेल कशी? मेंदूचे मोठे डॉक्टर तेव्हा फेरीवर होते. ते थांबले, आणि ज्या अर्थी मी भांडतो आहे त्या अर्थी मी सुधारतो आहे, असे बरोबरच्या विद्यार्थ्यांना म्हणाले. मग मला समजावले, “पोटात आधी गेलेल्या गोळ्या अजून हळूहळू रक्तात येतायत. आणि तुमचं यकृत म्हणजे खिडकीवर बसलेला एकच कारकून समजा. रोजची रांग तो रोज संपवतो. पण रांगेत जरा माणसं वाढली, की त्याचा वेग वाढत नाही, रांगच वाढत जाते. म्हणून या औषधात दुप्पट गोळ्यांचं दुप्पट होत नाही. कितीतरी पट होतं. आणि उतरतानाही ते घाईनं उतरत नाही.” मी विचारले, मग चुकलेल्या गोळ्यांचे काय करायचे असते? “काही नाही. लगेच आठवली तर घ्या. पुढचीची वेळ झाली असेल तर ती गेली. औषधाची थकबाकी नसते, काका. शंका आली तर मला फोन करा, मोजत बसू नका.”

तिथले दिवस तसे शांत गेले. समोरच्या खाटेवर एक गृहस्थ होते, आणि त्यांची पत्नी माझ्याकडे बोट दाखवून त्यांना दिवसभर ऐकवायची, “बघा, बघा, दारूनं माणसाचं काय होतं ते.” ते तिथे दारूमुळेच आले होते. “त्यांची उपमा कशाला देतेस,” ते म्हणायचे, “त्यांच्याकडे भेटायला तरी भाऊ येतो.” भाऊ म्हणजे अंदाजे. नातेवाईक म्हणून कुणाचे नाव लिहायचे असा प्रश्न निघाला तेव्हा त्याने तुझा फोन नंबर मागितला. मी दिला नाही. “मग माझं काय नातं लिहू?” असे त्याने रागाने विचारले आणि स्वतःच ‘भाऊ’ असे लिहिले. दोघांची आडनावे वेगळी कशी, असे परिचारिकेने विचारल्यावर म्हणाला, “अंदाजे भाऊ.” पातळी मर्यादेत आल्यावर गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पूर्वीइतक्याच. पातळी खाली येताना फिट येण्याचा धोका असतो म्हणून आणखी थोडे ठेवून घेतले. फिट आली नाही. आता औषध दिवसागणिक खण पाडलेल्या डबीत असते. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली. शिल्लक काढत नाही.

जास्तीचे पाकीट आले कुठून, हा प्रश्न घरी आल्यावर सुटला. मी औषधाच्या दुकानात गेलो. म्हातारा दुकानदार हल्ली बसत नाही, त्याची सून बसते. मी विचारताच ती म्हणाली, “अहो काका, ते मीच घातलं पिशवीत. दुकान रंगवायला काढणार होतो, चार दिवस बंद राहणार, तुमची गोळी चुकायला नको म्हटलं. तुम्हाला उधारी चालत नाही म्हणून बोलले नाही. पुढच्या बिलात धरणार होते.” मी काय झाले ते सांगितले तेव्हा ती रडू लागली, आणि दुकानात उभी असलेली माणसे माझ्याकडे रागाने पाहू लागली. मी तिला सांगितले की चूक तिची नाही. खोके उघडून माल मोजायचा, कागदावर विसंबायचे नाही, हे मी आयुष्यभर इतरांना सुनावत आलो, आणि स्वतःच्या घरी बिल पाहून पिशवी रिकामी केली. तात्पर्य, मी एकही गोळी चुकवली नव्हती. माझी साक्षीदार खरे बोलत होती.

घरी येऊन दोन दिवस झाले असतील तेव्हा मावशीचा तो फोन आला, ज्यात तू मला क्षमा केली होतीस. मी कबूल म्हणालो ते का, हे आता सांगतो. कागदपत्रे माझ्या हाताशी होती. मी दारू प्यालो नव्हतो हे एका वाक्यात सिद्ध करता आले असते. पण ते वाक्य ‘फिट’ या शब्दाशिवाय पुरे होत नव्हते. रुग्णालयातून निघताना मी त्या मोठ्या डॉक्टरांना छोटीबद्दल विचारले होते. त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून उत्तर दिले. “बहुधा काही होणार नाही. गोळ्या नीट घेतल्यात तर वर्षानुवर्षं होणार नाही. पण मी खात्री देणार नाही. बाळाला घेऊन जिना उतरू नका, शेगडीजवळ जाऊ नका, एकट्यानं अंघोळ घालू नका. घरात दुसरं मोठं माणूस असू द्या. मग खुशाल खेळवा, जमिनीवर बसून.” दिवसा घरात दुसरे मोठे माणूस नसते म्हणूनच तर तू मला बोलावते आहेस. मावशी फोनवर अट सांगत असताना माझ्या लक्षात आले की हा आरोप मला फार सोयीचा आहे. बाटली आणायची नाही, एवढे पाळले की छोटी दिवसभर माझी. मी त्या रात्री पेटीही भरायला घेतली.

पेटी भरून तयार आहे आणि मी अजून निघालेलो नाही. दारू पिणारा बाप म्हणून तू छोटीला माझ्या स्वाधीन करायला तयार झालीस. फिट येणारा बाप म्हणून होशील की नाही, मला माहीत नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार तुझा आहे, माझा नाही. माझे उत्तर असे: तू म्हणशील त्या दिवशी मी येईन, पण दिवसभराची बाई ठेवल्याशिवाय कामावर रुजू होऊ नकोस, आणि माझ्या एकट्याच्या हाती छोटीला देऊन दार ओढून जाऊ नकोस. मी कितीही बरा दिसलो तरी नको. मी स्वतः म्हणालो, अगं जा, काही होत नाही, तरीही नको. हे पत्रात लिहिण्याचे कारण एवढेच की फोनवर तू म्हणशील, “काहीतरीच काय बाबा, इतकी वर्षं काही झालं नाही ना?” आणि मी ते लगेच मान्य करून टाकीन.

तुझाच,
बाबा